शालेय नाटक : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी संपली की पुण्यातील शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. म्हणूनच गेल्या अंकात आम्ही माध्यमिक शाळांतील नाटकांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. शिक्षकांची पत्रे सर्वाधिक आली, पालकांचीही आली, आणि काही पत्रे थेट विद्यार्थ्यांनी लिहिलेली आहेत. सारख्या प्रश्नांपैकी एकेकच येथे घेतला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि शाळांची व व्यक्तींची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी कोथरूड भागातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमचे स्नेहसंमेलन शाळेच्या मैदानावर मंडप घालून होते. मागच्या रांगांतील पालकांना मुलांचे संवाद ऐकू आले नाहीत, अशी तक्रार गेल्या वर्षी आली. त्यामुळे यंदा संवाद आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित करावेत आणि मुलांनी रंगमंचावर त्यांबरहुकूम ओठ हलवावेत, असे साऊंडवाल्याने सुचवले आहे. मुख्याध्यापकांनाही ते पटले आहे. मला पटत नाही, पण विरोध करताना नेमके काय सांगावे ते सुचत नाही.

उत्तर : आपल्या मनाने दिलेला कौल बरोबर आहे, आणि त्यावर ठाम राहावे अशी माझी आपल्याला विनंती आहे. ही पद्धत अलीकडे बऱ्याच शाळांत शिरली आहे. ती सोयीची वाटते, कारण संवाद विसरण्याची भीती राहत नाही, आवाज स्वच्छ येतो आणि कार्यक्रम ठरल्या मिनिटाला संपतो. परंतु ज्या कारणासाठी शाळेत नाटक करायचे, नेमके तेच त्यात मुलांच्या हातून काढून घेतले जाते.

अशाच एका प्रयोगात पाहिलेला प्रसंग सांगते. आजोबांचे काम करणाऱ्या मुलाच्या हातातून काठी निसटली आणि रंगमंचाच्या कडेवरून खाली गेली. प्रेक्षक हसले. मुलगा दचकला, त्याचे ओठ थांबले, पण स्पीकरमधले आजोबा नातवाला रागावतच राहिले. पहिल्या रांगेतील एका गृहस्थांनी काठी उचलून वर धरली, तरी मुलाला ती घेता येईना, कारण तोवर त्याचे पुढचे वाक्य सुरू झाले होते आणि त्या वाक्यावर त्याला दाराकडे बोट दाखवायचे होते. त्याचा आवाज त्याच्याजवळ असता, तर ‘काठीसुद्धा ऐकत नाही हल्ली माझं!’ असे एखादे वाक्य त्याला सुचलेही असते. सुचले नसते, तरी सावकाश वाकून काठी घेऊन त्याला पुढे बोलता आले असते. हशा आला की थांबायचे, समोरचा अडखळला तर सावरून घ्यायचे, प्रेक्षागृह शांत झाले की आवाज खाली आणायचा, या सगळ्या गोष्टी मूल प्रयोगातच शिकते. त्या घरच्या आरशासमोर शिकता येत नाहीत आणि ध्वनिमुद्रणावर तर मुळीच नाहीत.

आता मुख्याध्यापकांच्या अडचणीकडे वळू, कारण ती खरी आहे. पालकांना ऐकू आले नाही, तर त्याची कारणे शोधायला हवीत. माझ्या अनुभवात ती बहुधा दोन असतात : माईकची मांडणी चुकलेली असते आणि मुले वाक्यांचे शेवट गिळत असतात.

दुसरे कारण आधी घेते, कारण ते आपल्या हातात आहे. मराठी वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा शेवटी येतो. क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटी असतो. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ या वाक्यातील ‘नाहीत’ ऐकू गेले नाही, तर प्रेक्षकांच्या दृष्टीने पैसे दिले गेले आणि पुढचे सगळे कथानक उलटे झाले. मुले वाक्य जोरात सुरू करतात आणि श्वास संपत आला की शेवट सोडून देतात. यावर एक सोपा सराव आहे. एका मुलाला वही-पेन देऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसवावे आणि इकडून बाकीच्यांनी एकेक संवाद म्हणावा. ऐकू येईल तेवढेच त्याने लिहायचे, तर्काने काही भरायचे नाही. दहा मिनिटांनी ती वही सर्वांनी मिळून वाचावी. कोणाचे कोणते शब्द गळतात ते मुलांना स्वतःच दिसते आणि ‘मोठ्याने बोला’ असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. मोठ्याने बोलायला सांगितले की मुले ओरडतात, ओरडले की आवाज चिरतो, आणि चिरलेला आवाज लांब पोहोचला तरी कळत नाही. श्वास कोठे घ्यायचा त्या जागा संहितेत पेन्सिलीने खुणा करून ठरवून द्याव्यात.

माईकविषयी. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले तीन-चार चांगले माईक शालेय नाटकाला पुरतात. मात्र महत्त्वाचे प्रवेश रंगमंचाच्या पुढच्या भागात बसवायला हवेत. स्पीकर माईकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला असावेत. ते मागे गेले की शिट्टी वाजू लागते, मग साऊंडवाला आवाज कमी करतो आणि तक्रारी सुरू होतात. सगळे माईक सतत उघडे ठेवू नयेत. संहिता हातात घेतलेला एखादा जाणता विद्यार्थी साऊंडवाल्याशेजारी बसवावा आणि ‘आता डावीकडचा’ असे त्याने सांगत राहावे. कपड्यांना लावायचे छोटे माईक आकर्षक वाटतात, पण ते जरीच्या कपड्यांवर घासून खरखरतात, आणि वेशबदलात ते काढण्या-घालण्यात मुले गोंधळतात. संवादांखालचे पार्श्वसंगीत निम्म्याने कमी करावे, जनरेटर मंडपापासून शक्य तितका लांब ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदान एक पूर्ण तालीम त्याच माईकवर व्हावी, असे साऊंडवाल्याशी व्यवहार ठरवतानाच बोलून घ्यावे.

एक सूचना यापुढे जाऊन करते. नाटक स्नेहसंमेलनातून बाहेर काढता आले तर पाहा. नाच-गाण्यांच्या कार्यक्रमात, बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांची भाषणे झाल्यावर, रात्री साडेनऊला कंटाळलेल्या प्रेक्षकांपुढे मुलांनी नाटक करायचे आणि ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचे, यात नाटकाचा बळी जातो. त्याऐवजी एखाद्या शनिवारी दुपारी शाळेच्याच सभागृहात दीडशे-दोनशे प्रेक्षकांसमोर माईकशिवाय प्रयोग करावा, आणि पालक अधिक असतील तर दोन प्रयोग करावेत. दुसऱ्या प्रयोगात मुले किती मोकळी होतात ते पाहून आपल्यालाच समाधान वाटेल. शाळेत सभागृह नसेल, तर पेठेतील शाळांना भरत नाट्य मंदिर किंवा टिळक स्मारक मंदिर आणि आपल्याकडे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह जवळ आहे. तारखा मात्र फार आधी धराव्या लागतात.

गर्दीचा गलका, पाऊस, रेल्वेची शिट्टी, दूरध्वनीची घंटा असे आवाज अवश्य ध्वनिमुद्रित वापरावेत. माणसाचे बोलणे मात्र समोरच्या माणसाच्याच तोंडून यावे.

प्रश्न : आठवीच्या माझ्या वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक पालकाला आपला पाल्य रंगमंचावर दिसावा असे वाटते. नाटकात पात्रे आठ आहेत. उरलेल्यांना झाडे, डोंगर किंवा सैनिक करावे का? (शिक्षक, हडपसर)

उत्तर : झाडे करू नयेत. तेरा वर्षांच्या मुलाला हिरवा कागद गुंडाळून वीस मिनिटे उभे केल्याने पालकाला छायाचित्र मिळते, पण मुलाच्या हाती काहीही लागत नाही आणि त्याला ते कळतही असते.

आठ पात्रांच्या नाटकात साठ मुले कोंबण्यापेक्षा समूहाचे नाटक निवडणे किंवा वर्गाने मिळून लिहिणे योग्य. आपल्या परंपरेत अशा रचना भरपूर आहेत. संत एकनाथांची भारुडे आहेत, ज्यांत एक मुख्य बोलणारा आणि साथ देणारे अनेक असतात. तमाशातील गण, गवळण, बतावणी आणि वग यांच्या साच्यात मुलांना स्वतःचे विषय भरता येतात. सूत्रधार एक असण्याऐवजी सहा असू शकतात. समूह म्हणजे पार्श्वभूमी नव्हे, हे पुण्यातील प्रेक्षकांना वेगळे सांगायला नको. १९७२ साली भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांचाच पडदा होता आणि त्या नाटकाची ओळख त्यातूनच झाली. ते नाटक शाळेसाठी नाही, परंतु माणसांच्या रांगेतून भिंत, दार, रस्ता उभा करण्याची युक्ती मुलांना पटकन जमते आणि नेपथ्याचा खर्चही वाचतो.

समूहातील प्रत्येक मुलाला मात्र काहीतरी ठरवून द्यायला हवे. मंडईचा प्रसंग असेल, तर ‘गर्दीतील बाई’ असे सांगू नये. मेथीची जुडी हातात घेऊन, भाव विचारून, ती परत ठेवून निघालेली आणि चार पावलांवर पुन्हा मागे वळलेली बाई, असे सांगावे. मग त्या मुलीला नाव, घर आणि घाई असते. अशा पंधरा मुलांची मंडई पाहताना प्रेक्षकांचे डोळे हलत नाहीत.

उरलेल्या मुलांविषयी बोलताना ‘उरलेली’ हा शब्दच वापरू नये. रंगमंचामागे जी कामे असतात ती निम्म्या वर्गाला पुरतील इतकी आहेत : नेपथ्य रंगवणे, कपडेपट सांभाळणे, प्रकाश, ध्वनी, रंगभूषेला मदत, प्रवेशांची पुकार, प्रॉपर्टी. प्रॉपर्टीचे टेबल कसे लावतात ते मुलांना अवश्य शिकवावे. टेबलावर पांढरा कागद चिकटवायचा, त्यावर कंदील, पत्र, तलवार, तांब्या यांच्या आकाराच्या रेघा आखायच्या आणि वस्तू तिथेच ठेवायची. प्रवेश संपला आणि तांब्याची जागा रिकामी दिसली, की तांब्या कोणाकडे राहिला ते लगेच शोधता येते. हे काम करणारी मुलगी सगळे नाटक तोंडपाठ करते आणि ऐन वेळी कोणी आजारी पडले, तर बहुधा तीच उभी राहते. पडदा पडल्यानंतर या सर्व मुलांना रंगमंचावर बोलवावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे नटांइतक्याच अक्षरांत छापावीत.

पात्रनिवडीबद्दल एवढेच सांगते, की पहिल्या वाचनावरून भूमिका देऊ नये. स्वच्छ वाचणारे मूल चांगला नट असतेच असे नाही आणि अडखळत वाचणारे मूल पाठ झाल्यावर अतिशय मोकळे होऊ शकते. पहिले काही दिवस भूमिका अदलाबदल करून वाचाव्यात आणि मग ठरवावे. ठरल्यावर कोणत्याही पालकाच्या फोनमुळे निर्णय बदलू नये, कारण बदललेला निर्णय साठ मुलांना दुसऱ्या दिवशी कळतो.

प्रश्न : एका नामवंत नाटककाराच्या नाटकाचा एक अंक आम्हाला करायचा आहे. परवानगी लागते का? नंतर तो यूट्यूबवर टाकला तर चालेल का? (पर्यवेक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायद्यात (१९५७) लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. त्यामुळे गोविंद बल्लाळ देवल (निधन १९१६) किंवा राम गणेश गडकरी (निधन १९१९) यांची नाटके आज सर्वांना खुली आहेत. आचार्य अत्रे यांचे निधन १९६९ साली झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत ही मुदत २०६० अखेरपर्यंत जाते.

शाळांसाठी याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सवलत आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून तेथील शिक्षक व विद्यार्थी यांनी नाट्यकृतीचा प्रयोग केला आणि प्रेक्षक म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. म्हणजे शाळेतल्या शाळेत होणारा आपला प्रयोग या सवलतीत बसतो. तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांसाठी केलेला प्रयोग, नाट्यस्पर्धेतील प्रयोग आणि यूट्यूबवरील चित्रण यांना ही सवलत आहे असे धरून चालू नये. तेथे हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. मराठी नाटकांच्या छापील प्रतींवर प्रयोगाच्या परवानगीसाठी कोणाशी संपर्क साधायचा ते बहुधा दिलेले असते. शालेय प्रयोगासाठी विनंती आदराने केली, तर लेखक किंवा त्यांचे वारस सहसा अडवत नाहीत. स्पर्धेत उतरायचे असेल, तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते का, तेही नियमावलीत आधीच पाहावे.

कायद्यापलीकडची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अंक लहान करताना शिक्षक संवाद कापतात, पात्रे गाळतात, कधी शेवट बदलतात, आणि कार्यक्रमपत्रिकेवर लेखकाचे नावही छापले जात नाही. नाव छापावे, लेखकाविषयी निवेदनात दोन वाक्ये बोलावीत आणि मूळ नाटक मुलांकडून पूर्ण वाचून घ्यावे. शेवट बदलावासा वाटत असेल, तर दुसरे नाटक निवडावे.

प्रश्न : शाळेच्या रंगमंचावर दिवे भाड्याने आणून लावणार आहोत. काय काळजी घ्यावी? (शिपाई व विद्युत काम पाहणारे कर्मचारी, येरवडा)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण शाळांमध्ये तो क्वचित विचारला जातो. भिंतीवरील साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॉट एवढाच भार घेता येतो. म्हणजे हजार वॉटचा एक जुना हॅलोजन दिवा लावला, की ते सॉकेट संपले. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे चालतात, चौथा लावू नये. एलईडी दिव्यांना फार कमी वीज लागते आणि ते फारसे तापतही नाहीत, म्हणून शाळेने तेच मागवावेत. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड लावू नये, अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, वायरी चिकटपट्टीने जमिनीला बसवाव्यात आणि हॅलोजन दिवा पडद्यापासून लांब असावा. शिडीवर मुलांना चढवू नये. समई, मशाल, पणती यांच्या खऱ्या ज्योती नाटकात नकोत.

प्रश्न : आंतरशालेय स्पर्धेसाठी आमची संस्था दरवर्षी बाहेरून दिग्दर्शक बोलावते. बक्षिसेही मिळतात. ते प्रत्येक वाक्य स्वतः करून दाखवतात आणि मुले हुबेहूब तसे म्हणतात. मी साहाय्यक शिक्षिका म्हणून तालमींना बसते आणि मला सतत अस्वस्थ वाटते. हे योग्य आहे का? (शिक्षिका, चिंचवड)

उत्तर : बाहेरचा माणूस बोलावण्यात काहीच गैर नाही. पुण्यात महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतून तयार झालेले अनेक चांगले तरुण रंगकर्मी आहेत, आणि शाळेला त्यांचा लाभ व्हायलाच हवा. आपल्याला अस्वस्थ करते ती त्यांची पद्धत, आणि ते रास्त आहे.

वाक्य करून दाखवले की मूल सूर पाठ करते, अर्थ पाठ करत नाही. एक छोटे वाक्य घेऊ : ‘तू आलास?’ आईने मुलाला विचारलेले आहे. दिग्दर्शकाने ते म्हणून दाखवले, तर एकच सूर मिळेल. त्याऐवजी त्या मुलीला विचारावे, की मुलगा कधी गेला होता, सांगून गेला होता का, तू जेवलीस का, दार तू उघडलेस की ते उघडेच होते? ती उत्तरे देत जाते तसे वाक्य बदलत जाते. एकदा ते रागाने येते, एकदा सुटकेच्या श्वासाने येते आणि एकदा इतके हळू येते, की तालमीतील बाकीची मुले आपोआप गप्प होतात. यांतील कोणते ठेवायचे ते दिग्दर्शकाने ठरवावे, पण ते मुलीचे असते. याला वेळ लागतो, म्हणून दिग्दर्शकाला तीन आठवड्यांऐवजी सहा आठवडे द्यावेत आणि करारातच ‘मुलांच्या सहभागातून’ असे लिहून घ्यावे. आपण तालमींना बसताच, तेव्हा शिक्षिका म्हणून अर्थाचे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरावा.

विषयाबाबतही लिहायला हवे. स्पर्धेतील बऱ्याच नाटकांत मुले मोठ्यांची भाषणे करतात : पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाईल सोडा. शेवटी सगळी पात्रे रांगेत उभी राहून संदेश देतात. विषय वाईट नाहीत, परंतु मुलांच्या जगण्यातील पेच त्यांत कोठेच दिसत नाही. शिकवणीला जायचे नाही हे घरी कसे सांगावे, जिवलग मैत्रीण अचानक बोलेनाशी का झाली, बाबांची नोकरी गेली आहे हे वर्गात कळू नये म्हणून काय काय करावे लागते, हे नाटकाचे विषय आहेत. मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर गमतीने आणि तरीही गंभीरपणे नाटक करता येते, हे बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीने दाखवले. डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीमुळे ती पद्धत ऐंशीच्या दशकात पुण्यात आली आणि रुजली. त्या नाटकांत मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. शाळेत मुले स्वतःच उपलब्ध आहेत, तेव्हा विषय त्यांच्याकडूनच घ्यावेत. पहिल्या आठवड्यात संहिता न देता दिग्दर्शकाने मुलांना केवळ प्रसंग उभे करायला सांगावेत आणि एखाद्या शिक्षकाने ते लिहून घ्यावेत. बक्षीस मिळेलच असे मी सांगणार नाही. मिळाले नाही, तरी पुढच्या वर्षी तालमीला येणाऱ्या मुलांची संख्या वाढलेली दिसेल.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. नाटकाच्या तालमीमुळे त्याला घरी यायला साडेसात होतात आणि शिकवणी बुडते. त्याला नाटकातून काढावे का? (पालक, वारजे)

उत्तर : काढू नये, वेळ बदलून घ्यावी. दीड तासांपेक्षा लांब तालमीत नववीतील मुलांचे लक्ष राहत नाही, त्यामुळे शाळा सुटल्यावर दीड तास आणि आठवड्यातून चार दिवस एवढेच पुरेसे असते. सगळ्या मुलांना रोज थांबवण्याऐवजी ज्यांचा प्रवेश आहे त्यांनाच बोलवावे, असे शिक्षकांना आपण आणि आणखी दोन-तीन पालकांनी मिळून सुचवावे. वर्गशिक्षकांकडून तालमींचे वेळापत्रक लेखी मागावे. दहावीच्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. पूर्वपरीक्षा तोंडावर असताना डिसेंबर-जानेवारीत त्यांना मोठ्या भूमिका देऊ नयेत. आपल्या मुलाच्या हातात मात्र हे वर्ष आहे.

प्रश्न : मी नववीत आहे आणि आमची शाळा मुलींची आहे. नाटकात मला गावच्या पाटलाचे काम मिळाले आहे. मी आवाज घोगरा काढते तेव्हा मैत्रिणी हसतात आणि मिशी लावली की मलाच हसू येते. मी काय करू?

उत्तर : आधी घोगरा आवाज सोडून दे. तो तुझा घसा दुखवेल आणि प्रेक्षकांना पाटील न दिसता पाटलाचे सोंग दिसेल. तुझ्या नेहमीच्या आवाजातच थोडे सावकाश बोल, वाक्य संपवून मगच समोरच्याकडे पाहा आणि उत्तराची घाई करू नकोस. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याला घाई करावी लागत नाही. मग चालण्याकडे वळ. पाटील ओसरीवरून उठतो कसा, बसताना धोतराचा सोगा कसा सावरतो, बोलताना त्याचा हात कोठे असतो, हे ठरव. तुझ्या आजोबांना किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर काकांना आठवडाभर नीट पाहा आणि त्यांची एकच लकब उचल. चार लकबी उचलल्यास, तर नक्कल होईल.

आपल्या रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याची मोठी परंपरा आहे. बालगंधर्वांची नायिका पाहायला प्रेक्षक दूरदुरून येत, आणि त्यांचे वागणे, बसणे, नेसणे पाहून स्त्रिया त्यांचे अनुकरण करीत असत. स्त्रियांनीही पुरुषांच्या भूमिका केल्या आहेत. तेव्हा तू करते आहेस ते काम मानाचे आहे, हे मैत्रिणींना सांग. त्या हसतात त्यामागे खोडी नसेलही. त्यांनी तुला या रूपात पाहिलेले नाही, एवढेच कारण असेल. पाच-सहा तालमींत ते हसू ओसरते.

मिशीचे हसू घालवायचे असेल, तर ती रंगीत तालमीपर्यंत राखून ठेवू नकोस. बाईंकडून मिशी आणि धोतर दोन्ही दोन आठवडे आधीच मागून घे आणि रोजच्या तालमीत वापर. मिशी चिकटवायचा गोंद आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहा, पुरळ उठले किंवा खाज आली, तर रंगभूषाकारांना सांगून पेन्सिलीने रेखलेली मिशी करून घे. काढताना ओढू नकोस. खोबरेल तेलाचा बोळा कडेने फिरवून ती सैल होऊ दे, मग सोड. आणि धोतराला आतून नाडी व दोन पिना लावायला विसरू नकोस, म्हणजे दुसऱ्या प्रवेशात पायरी चढताना तुझे लक्ष संवादावर राहील.